क्यू आली, यू नाही

स्क्रॅबलच्या बोर्डावरच्या गडद निळ्या घरात बाईंनी क्यूची टाइल टेकवली, तिच्या खाली आय ठेवला, घड्याळाची कळ दाबली आणि कागदावर 62 हा आकडा लिहिला. खर्च झाल्या दोनच टाइल्स. उजवीकडे एक आय आधीच पडलेला होता, त्यामुळे ‘क्यू-आय’ हा शब्द आडवाही झाला आणि उभाही. क्यूचे 10 गुण त्या घरात तिप्पट होतात, ते दोन्हीकडे धरले गेले. समोरचा नववीतला मुलगा विचलित झाला नाही. तो रॅकवरची आपली सात अक्षरं इकडून तिकडे सरकवत राहिला.

डाव संपल्यावर बाईंनी विचारलं, ‘क्यू-आयचा अर्थ माहितीये का रे?’

‘नाही. व्हॅलिड आहे ना?’

‘चिनी लोक जिला प्राणशक्ती मानतात ना, ती. ची म्हणतात तिला.’

‘ओके,’ मुलगा म्हणाला आणि टाइल्स पिशवीत भरायला लागला.

हा ‘ओके’देखील बोर्डावर चालतो, पण 2019 पासून. त्या वर्षी कॉलिन्स शब्दकोशाच्या अधिकृत स्क्रॅबल यादीत ‘ओके’, ‘ईडब्ल्यू’ आणि ‘झेडई’ असे दोन अक्षरी तीन शब्द दाखल झाले आणि अशा शब्दांचा एकूण आकडा 127 वर गेला. मुंबईच्या उपनगरातल्या सोसायटीच्या या हॉलमध्ये नवख्या माणसाला चहाच्या आधी हा आकडा मिळतो. पूर्ण यादी जवळजवळ 2 लाख 80 हजार शब्दांची आहे, तिच्याकडे सध्या बघू नका. आधी 127, असं सगळेच सांगतात.

बाई मराठी माध्यमात शिकल्या, मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. बँकेत कोणी इंग्रजीत बोलायला लागलं की त्या आजही मुलीला फोन लावून देतात. अशी बाई इंग्रजी शब्दांच्या स्पर्धेला बसते आणि कॉन्व्हेंटच्या पोरांना घाम फोडते, हे ऐकूनच इथे बघायला यावंसं वाटलं होतं.

खेळाचा कारभार सरळ आहे. पिशवीत 100 टाइल्स, प्रत्येकाला 25 मिनिटं, उशीर झाला तर दर मिनिटाला 10 गुण कापले जातात. पिशवी डोळ्यांच्या उंचीला धरून हात घालायचा, म्हणजे आत डोकावता येत नाही. टाइल्स गुळगुळीत असतात, कारण अक्षरं कोरलेली असली तर बोटांनी चाचपून कोरी टाइल ओळखता येते. एका खेळीत सातही टाइल्स लावल्या तर 50 गुण जास्तीचे. त्याला सगळे ‘बिंगो’ म्हणतात.

अक्षरांची ही वाटणी आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकी वास्तुविशारदाची. 1930 च्या दशकातल्या मंदीत हाताला काम नव्हतं, तेव्हा त्याने वर्तमानपत्रांची पानं घेऊन अक्षरं मोजली. ई 12, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू एकच. एस मात्र चारच ठेवले. जास्त ठेवले असते तर जो तो अनेकवचनं करत सुटला असता. 1948 मध्ये जेम्स ब्रुनोने या खेळाला स्क्रॅबल हे नाव दिलं.

बाईंची वही किराणा दुकानातल्या चोपडीसारखी लांबट आहे. बाकीचे मोबाइलवर शब्द घोकतात. बाई हाताने लिहितात, आणि अर्थासकट. एका पानावर जनावरं: ‘ए-आय’ म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ, ‘झेड-ओ’ म्हणजे याक आणि गाय यांचा संकर, ‘के-वाय’ म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीतल्या गाई. दुसऱ्या पानावर निसर्ग: ‘ए-ए’ हा हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा, ‘ओ-ई’ ही फॅरो बेटांजवळची वावटळ. स्कॉटलंडचं पान सगळ्यात भरलेलं. तिथे ‘जे-ओ’ म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसी, ‘ई-ई’ म्हणजे डोळा, ‘ए-ई’ म्हणजे एक. सी अक्षराला अख्ख्या 127 मध्ये ‘सी-एच’ हा एकच शब्द आहे. व्हीला एकही नाही, म्हणून व्ही हातात आली की चांगले चांगले खेळाडूही तोंड वाकडं करतात.

बाईंचं लाडकं पान मात्र क्यूचं. इंग्रजीत क्यूच्या मागे यू लागतोच, हे शाळेत शिकलेलं इथे विसरायचं. ‘तलाक’ 14 गुणांचा, ‘फकीर’ 17 चा, ‘वक्फ’ तर चार अक्षरांत 19 गुण देतो. शिवाय किब्ला, कव्वाली, आणि येमेनमध्ये चघळतात तो ‘कात’ नावाचा पाला. या पानावरचे निम्मे शब्द त्यांनी कधी घोकलेच नाहीत. कोर्टकचेरी, दर्गा आणि रेडिओ यांनी ते आधीच शिकवले होते. पेशवा हा शब्दही कॉलिन्सच्या यादीत आहे, हे त्या आवर्जून सांगतात.

हॉलमधली तरुण मंडळी या वहीकडे कौतुकाने बघतात, पण अर्थ हे ओझं आहे असंच त्यांचं मत. त्यांच्या बाजूने पुरावाही भक्कम आहे. 2007 ची जागतिक स्पर्धा मुंबईतच झाली, ती न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्‌सने जिंकली. याच माणसाने 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. नऊ आठवड्यांत त्याने यादी पाठ केली होती. पुढे 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही त्या थायलंडचे पानुपोल सुज्जयाकोर्न 2003 मध्ये आणि पाकोर्न नेमित्रमान्सुक 2009 मध्ये जगज्जेते झाले.

तरीही शब्द म्हणजे निव्वळ गुण, हे पूर्णपणे कोणालाच पाळता आलेलं नाही. 2021 मध्ये स्क्रॅबल बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने वंश, धर्म, लिंग यांवरून माणसांना हिणवणारे सुमारे 400 शब्द यादीतून काढले. बोर्डावर शब्दाला अर्थ नसतो, असं म्हणत अनेक जुने खेळाडू चिडले. बाईंना तो निर्णय पटला. ‘मी शिवी मांडून जिंकायची नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी बाई चारपैकी दोन डाव हरल्या. नववीतल्या त्या मुलाने शेवटच्या फेरीत असा बिंगो लावला की त्याचा अर्थ हॉलमध्ये कोणालाच सांगता येईना. त्याच्या पाठांतराला तोड नाही, हे मान्यच. पण बाईंचे 127 पक्के आहेत, कारण त्या प्रत्येकाला त्यांनी गाव, जनावर किंवा नातं जोडून दिलं आहे. आणि अर्थ लिहिण्यात वेळ फुकट जातो हे म्हणणं, तो हॉल बघितल्यावर तरी, पटत नाही.

दोन अक्षरी शब्दांची यादी एका पानात मावते. घरात स्क्रॅबलचा डबा पडून असेल तर ते पान झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि चार माणसांत इंग्रजी बोलायला जो सगळ्यात जास्त बिचकतो, त्याला पहिला डाव द्या.