गाडी सुधारावी की बदलावी?

जुन्या घरावर माडी चढवावी, की ते विकून दुसरे घर घ्यावे, हा प्रश्न आपल्याकडे घरोघर केव्हा ना केव्हा निघतोच. गवंडी म्हणतो, "पाया भक्कम आहे, खुशाल माडी चढवा." मेहुणा म्हणतो, "विकून मोकळे व्हा." आणि घराचा मालक रात्री अंथरुणावर पडून हिशेब करीत राहतो. परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर मला हाच प्रश्न विचारला. फक्त घराच्या जागी मोटार होती. हा विद्यार्थी अमेरिकेत, मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ नोकरी करतो. त्याच्यापाशी २०१६ सालची फोर्ड मस्टँग आहे. तो म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला अर्थशास्त्र शिकवलंत. आता सांगा, हिच्यावर दहा हजार डॉलर घालून हिलाच वेगवान करू, की ही विकून हिच्याहून वेगवान गाडी घेऊ? पैसे दोन्हीकडे कर्जाचेच. आणि दिवाळीच्या सुमारास घरात पाळणा हलायचा आहे."

मी यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. पण प्रश्न निवडीचा होता, आणि निवड हा आमच्या शास्त्राचा विषय. म्हणून थोडे वाचले, जाणत्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते इथे सांगतो.

मस्टँग ही ज्या जातीची गाडी, तिला तिकडे 'मसल कार' म्हणतात. आपण तिला पैलवान गाडी म्हणू. मध्यम अंगाची, दोन दारांची, मागच्या चाकांना रेटा देणारी गाडी, आणि तिच्यात तिच्या अंगाला न शोभेल एवढे मोठे आठ सिलिंडरांचे इंजिन, ही तिची ढोबळ व्याख्या. या जातीची सुरुवात १९६४ च्या पाँटियॅक जीटीओपासून झाली असे बहुधा मानतात. तिची कथा मोठी गमतीची आहे. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही. जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३८९ घन इंचांचे, म्हणजे जवळजवळ साडेसहा लिटरचे इंजिन निराळे मॉडेल म्हणून न देता, गिऱ्हाइकाने मागितल्यास मिळणारी जादा सोय म्हणून दिले. नियम मोडला नाही आणि गाडी तर निघाली! पाच हजार खपतील अशी अपेक्षा होती. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर खपल्या.

म्हणजे पाहा, या जातीची पहिली नामवंत गाडी हीच मुळी कारखान्याने स्वतः केलेला फेरफार होती. पुढेही ही परंपरा चालू राहिली. कॅरोल शेल्बी याने १९६५ मध्ये २७१ अश्वशक्तीची मस्टँग घेऊन तिच्यापासून ३०६ अश्वशक्तीची जीटी-३५० केली. पेन्सिल्वेनियातला डॉन येन्को हा शेव्हरोलेचा विक्रेता तर नव्या कोऱ्या कॅमॅरोमधले इंजिन काढून ४२७ घन इंचांचे घालून विकीत असे. तेव्हा सुधारलेली गाडी आणि विकत घेतलेली वेगवान गाडी यांच्यामध्ये वाटते तशी भक्कम भिंत नाही. खरा प्रश्न एवढाच की फेरफार कोणी करायचा, कारखान्याने की आपण.

आता शक्ती वाढते कशी ते पाहू. इंजिन म्हणजे एका अर्थी हवेचा पंप. पेट्रोल जळायला हवा लागते. एक किलो पेट्रोलाला सुमारे १४.७ किलो. पेट्रोल हवे तेवढे ओतता येईल, पण हवा आत घेण्याला मर्यादा आहे. म्हणून शक्ती वाढवण्याचे सगळे उपाय शेवटी अधिक हवा आत घेण्याचेच उपाय आहेत. इंजिन मोठे करा, झडपा अधिक वेळ उघड्या ठेवा, धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी करा, नाहीतर पंपाने हवा कोंबून भरा. या शेवटच्या युक्तीला सुपरचार्जर म्हणतात. माझ्या विद्यार्थ्याच्या मनात तोच होता. त्याच्या मस्टँगचे पाच लिटरचे इंजिन कारखान्यातून ४३५ अश्वशक्तीचे येते. सुपरचार्जरचा तयार संच बसवला की ते सहाशेच्या पुढे जाते. मजुरीसह खर्च आठ ते दहा हजार डॉलरांच्या घरात.

वाचताना वाटते, शक्ती दीडपट म्हणजे वेगही दीडपट. इथेच गणित आडवे येते. अशा गाड्यांची परीक्षा पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ धावेवर घेतात. उभ्या गाडीने ते अंतर किती सेकंदांत काटले ते मोजायचे. स्थिर शक्तीने धावणाऱ्या गाडीचा हा वेळ वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. सोप्या भाषेत सांगायचं तर, वेळ निम्मा करायला शक्ती आठपट लागते. समजा ४३५ अश्वशक्तीची गाडी तेरा सेकंद घेते. बारावर यायला सुमारे ५५० लागतील, अकरावर यायला सुमारे ७२०, आणि दहावर यायला सुमारे ९५५. पहिल्या सेकंदाची किंमत ११५ अश्वशक्ती, दुसऱ्याची १७०, तिसऱ्याची २३५. पहिली पोळी आणि पाचवी पोळी यांचे समाधान सारखे नसते असे आम्ही वर्गात शिकवतो. इथे तर प्रत्येक पुढच्या पोळीची किंमतही वाढत जाते. याच गणिताची दुसरी बाजू अशी की वजन त्याच प्रमाणात घटवले तरी तोच लाभ मिळतो. पण खुर्च्या काढून टाकलेली गाडी बायकामुलांना घेऊन कुठे जाणार?

शिवाय शक्ती एकटी येत नाही. इंजिनाकडून रस्त्यापर्यंत एक साखळी आहे: क्लच, गिअरपेटी, मधला दांडा, मागचा आस आणि शेवटी टायर. ४३५ अश्वशक्तीच्या हिशेबाने केलेली कडी सहाशेला टिकेलच असे नाही. क्लच बदलला की ताण गिअरपेटीवर जातो, ती बदलली की आसावर. सगळे बदलूनही टायर जमिनीला धरून राहिले नाहीत तर शक्तीचा धूर होतो, शब्दशः. आणि वेग वाढला की ब्रेक वाढवावेच लागतात. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात गाडीतली ऊर्जा वाढते, आणि ती सगळी ब्रेकच्या चकत्यांनी उष्णतेच्या रूपाने गिळायची असते.

माझ्या विद्यार्थ्याच्या एका मित्राने हाच अनुभव घेतला. त्याने असाच संच एका कारखान्यात बसवून घेतला. कोंबलेल्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होते, ते बसवणाऱ्याने नीट तपासले नाही. अशा वेळी सिलिंडरातले मिश्रण वेळेआधी आपोआप पेटते आणि दट्ट्यावर घणाचे घाव बसावेत तसे आघात होतात. तीन आठवड्यांत दट्ट्याला भोक पडले. संचाच्या किमतीइतकाच पुन्हा इंजिनाचा खर्च आला. आणि मग काय केले? "एवढे घातलेच आहेत," म्हणून आणखी घातले. गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, हा अर्थशास्त्रातला अगदी साधा धडा आहे. पण तो पाळणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे, आणि त्यात मी स्वतःही येतो.

कायद्याचाही विचार करावा लागतो. अमेरिकेच्या हवाशुद्धीच्या कायद्याप्रमाणे धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करता येत नाही. कॅलिफोर्नियात तर असा प्रत्येक सुटा भाग सरकारी मंजुरीचा क्रमांक असलेला लागतो. हमीच्या बाबतीत १९७५ चा एक कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कारखान्याला हमी नाकारता येत नाही; मात्र बिघाड त्या भागामुळेच झाला असेल तर येते. विमा कंपनीलाही फेरफार कळवलेला बरा. आपल्याकडचा नियम आणखी कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही.

हे ऐकून वाटेल की मग नवी गाडी घेणेच शहाणपणाचे. कारखान्याने मोठ्या शक्तीची गाडी केली की साखळीतली प्रत्येक कडी त्या हिशेबाने केलेली असते, आणि वर हमी मिळते. ही जमेची बाजू फार मोठी आहे. २०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटला कारखान्यातूनच ७०७ अश्वशक्ती मिळाली. त्या मालिकेच्या शेवटच्या, २०२३ च्या डेमन १७० ला मक्याच्या अल्कोहोलमिश्रित इंधनावर १,०२५. घरगुती कारागिराने एवढे करायचे म्हणजे आयुष्य जायचे. पण खर्चाची बाजूही नीट लिहावी. आपली गाडी विकताना पडणारी तूट, नव्या गाडीवर मिशिगनचा ६ टक्के विक्रीकर, वाढलेला विमा, कर्जाचे व्याज, आणि शोरूमच्या दारातून बाहेर पडताच उतरू लागणारी किंमत. फेरफाराचा पैसा विक्रीत क्वचितच पूर्ण परत येतो हे खरे. पण नव्या गाडीचाही तो येत नाही.

आकड्यांची तुलना करताना एक सावधगिरी हवी. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये ७.४ लिटरचे ४५० अश्वशक्तीचे इंजिन मिळे. ते आकडे पंखा, धुराची नळी वगैरे लोढणी काढून, इंजिन मोकळे ठेवून मोजलेले असत. १९७२ पासून गाडीत बसवलेल्या स्थितीतली शक्ती सांगण्याची पद्धत आली आणि कागदावरचे आकडे एकदम खाली आले. त्यामुळे त्या जुन्या ४५० पेक्षा २०१६ च्या मस्टँगचे ४३५ प्रत्यक्षात कमी नाहीत, उलट जास्तच भरतील. आणि ज्याच्याकडे खरोखरीच त्या काळातली, मूळ इंजिन असलेली गाडी आहे, त्याने तर तिला हातच लावू नये. १९७१ ची एक हेमी कुडा कन्व्हर्टिबल २०१४ च्या लिलावात ३५ लाख डॉलरांना गेली. जुन्या तांब्याच्या घंगाळाला कल्हई ठीक, नळ बसवू नये.

आता शेवटचा आणि माझ्या मते खरा प्रश्न. वेगच हवा असेल तर २०२१ मध्ये आलेली टेस्लाची चार दारांची विजेची गाडी १,०२० अश्वशक्तीची होती, आणि पोरांना शाळेत सोडायला निघावे इतक्या शांतपणे ती बहुतेक सगळ्या पैलवान गाड्यांना मागे टाकते. तरीही दर वर्षी ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. तिथे येणारा माणूस नुसता वेग विकत घेत नाही. कोणाला तो आवाज हवा असतो, कोणाला स्वतःच्या हाताने पाना फिरवण्याचा आनंद, कोणाला वडिलांच्या गाडीची आठवण. हा आनंद खोटा नाही. हिशेबात तोही धरावा. मात्र आपण नेमके कशासाठी पैसे देतो आहोत, हे आधी स्वतःला स्पष्ट सांगावे. ज्याला हाताने काम करण्याचा आनंद हवा त्याने गाडी सुधारावी. ज्याला मोठा वेग तयार हवा त्याने तो तयार विकत घ्यावा. साधारणपणे पाव हिश्श्याएवढी शक्ती वाढवायची असेल तर सुधारणे परवडते. दुप्पट करायची तर साखळीच बदलावी लागते, म्हणजे दुसरीच गाडी. आणि घरात एकच गाडी असेल तर तिच्यावर प्रयोग करू नये.

मी त्याला एवढेच विचारले, "तू पाव मैल किती सेकंदांत काटतोस?" तो गप्प. त्याने कधी मोजलेच नव्हते! मग एका शनिवारी रीतसर धावपट्टीवर जाऊन मोजून आला: १३.९. त्याच गाडीने, त्याच पट्टीवर, तिथल्या एका वयस्क गृहस्थाने १३.१ केले. म्हणजे पाऊण सेकंदाहून अधिक वेळ इंजिनात नव्हता, चालवणाऱ्याच्या पायात होता. माझ्या विद्यार्थ्याने चांगले टायर घेतले, ब्रेकच्या गाद्या बदलल्या आणि दोन दिवसांची चालवण्याची शिकवणी लावली. सगळा खर्च दोन हजारांच्या आत. कर्ज काढले नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. आता तो १३.२ वर आला आहे. "सर, अजून एक दशांश राहिला आहे," म्हणाला. मागे बाळाचे रडणे ऐकू येत होते. मी म्हटले, "तो दशांश राहू दे बाबा. आधी बाळाला घे."