करमाफी आणि गरिबाची खाट

शहरांतील एखाद्या भव्य रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर ‘धर्मादाय’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. आंत एका दिवसाच्या खोलीचें भाडें हजारोंच्या घरांत असतें. मग येथें धर्म कोठें आणि आदाय कोणाचा, असा प्रश्न येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनांत सहज उभा राहतो. प्रश्न थट्टेचा नाहीं. त्याच्या उत्तरावर पुष्कळांचें जीवित अवलंबून आहे.

गरिबांच्या औषधपाण्याला सरकार दोन मार्गांनीं साह्य करूं शकतें. कर गोळा करून स्वतः दवाखाने चालवावे, हा पहिला मार्ग. जी संस्था तें काम पत्करील तिचा कर सोडून द्यावा, हा दुसरा. दुसऱ्या मार्गांत तिजोरींतून पैसा बाहेर जातांना दिसत नाहीं, म्हणून तो फुकटचा वाटतो. परंतु वाण्यानें उधारी माफ केली तरी त्याच्या वहींत खोट येतेच. एका संस्थेला सोडलेला रुपया इतर करदात्यांना भरून काढावा लागतो. तेव्हां करमाफी ही नुसती कृपा नव्हे. तो समाजाशीं केलेला करार आहे, आणि करारांत दोन्ही बाजूंनीं कांहीं द्यावयाचें असतें.

हिंदुस्थानांत आयकर प्रथम १८६० सालीं आला. १८८६ च्या कायद्यानें धर्मकार्यास वाहिलेल्या मिळकतीचें उत्पन्न करमुक्त ठेविलें. १९६१ च्या कायद्यानें तेंच धोरण पुढें चालविलें. गरिबांस साह्य, शिक्षण व वैद्यकीय मदत हे धर्मादाय हेतु त्यानें मान्य केले आणि संस्थेनें उत्पन्नाचा निदान ८५ टक्के भाग त्या हेतूंकडे लावावा अशी अट त्यांत पुढें आली. मात्र एक बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ‘गरिबांस साह्य’ आणि ‘वैद्यकीय मदत’ हे दोन निराळे हेतु होत. म्हणून मुख्यतः सधनांवर उपचार करणारें रुग्णालयही, शिल्लक कोणीं वांटून न घेतां संस्थेच्याच कामीं लाविली, तर करमुक्त राहूं शकलें.

ही फट बुजविण्याचा प्रयत्न महाराष्ट्रांत झाला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याला १९८५ सालीं एक कलम जोडण्यांत आलें. पुढें मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं त्याच्या अंमलबजावणीची सविस्तर योजना ठरवून दिली. तिच्याप्रमाणें धर्मादाय रुग्णालयानें १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठीं विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरानें राखावयाच्या. दोनशें खाटांचें रुग्णालय असेल, तर वीस खाटा अगदीं फुकट व वीस सवलतीच्या. खर्च भागावा म्हणून इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून निराळी ठेवावयाची. एक कोटी रुपयांचीं बिलें झालीं, तर दोन लाख रुपये त्या निधींत पडले पाहिजेत. प्रसंग आणीबाणीचा असेल तर रुग्णास ताबडतोब दाखल करून घ्यावें, आणि त्यासाठीं अनामत रक्कम मागूं नये, असाही दंडक आहे.

योजना चांगली असूनही ती सर्वांपर्यंत पोंचत नाहीं, याचीं कारणें तिच्या रचनेंतच सांपडतात. वीस खाटा राखून त्यांपैकीं दोनच भरल्या काय आणि वीसही भरल्या काय, आयकराची माफी तेवढीच राहते. गरीब रुग्ण शोधून आणण्यांत संस्थेचा कांहीं लाभ नाहीं. शिवाय एखादी महागडी शस्त्रक्रिया निधीचा मोठा घांस घेते. आणि ज्याच्यासाठीं हें सर्व, त्याला बहुधा त्याची वार्ताच नसते. दाराशीं ‘आधीं पैसे भरा’ हे शब्द ऐकले कीं तो मुकाट्यानें परत फिरतो, सावकाराचें दार ठोठावतो.

सुशिक्षित गृहस्थाच्या हातीं येथें कांहीं आहे. घरीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईचा नवरा आजारी पडला, तर दहा-वीस रुपये हातावर ठेवण्यापेक्षां तिला हें सांगावें: शिधापत्रिका व तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर घे, रुग्णालयांत समाजसेवकाची चौकशी कर, निर्धन रुग्णांच्या खाटा किती रिकाम्या आहेत तें विचार, आणि दाद न लागल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत लेखी अर्ज दे. अर्ज लिहितां येत नसेल, तर तो लिहून द्यावा. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळीं वाढविली जाते. ती आधीं त्याच कचेरींत विचारून घ्यावी.

ती खाट उपकाराची नाहीं. तिचें मोल माफ झालेल्या कराच्या रूपानें समाजानें आधींच चुकतें केलेलें आहे. फेडलेल्या मालाची पावती ज्याच्या हातीं नाहीं, त्याला ती मिळवून देणें, एवढेंच काय तें उरतें.