ऑनलाइन सर्वेक्षणातील ‘होय-नाही’ प्रश्न : उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना :

सामाजिक शास्त्रांतील संशोधनात प्रश्नावली हे माहिती-संकलनाचे एक प्रमुख साधन मानले जाते. गूगल फॉर्म्ससारख्या सुविधांमुळे प्रश्नावली तयार करणे, ती विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठविणे आणि उत्तरांचे आलेख मिळविणे हे आता एका दुपारचे काम झाले आहे. छपाई, टपाल व सारणीकरण यांचा खर्च त्यामुळे वाचला. प्रश्न नेमका विचारण्याचे काम मात्र पूर्वीइतकेच कठीण राहिले आहे. महाविद्यालयीन अभिप्राय-अर्जांत व लघुशोधप्रकल्पांच्या प्रश्नावल्यांत ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच पर्याय असलेल्या प्रश्नांचा भरणा आढळतो. असे प्रश्न रचायला सोपे, मोजायला सोपे आणि अहवालात मांडायला त्याहून सोपे असतात. परंतु त्यांतून आलेल्या टक्केवारीवर ग्रंथालयाची वेळ, वसतिगृहाच्या सोयी, तासिकांचे वेळापत्रक असे निर्णय घेतले जातात. म्हणून या द्विपर्यायी प्रश्नांचे सामर्थ्य कोठे आहे आणि ते कोठे फसवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन पर्याय केव्हा पुरतात?

विचारलेल्या वस्तुस्थितीच्या मुळातच दोन अवस्था असतील तर द्विपर्यायी प्रश्न सर्वोत्तम ठरतो. परीक्षेचा अर्ज भरला आहे किंवा नाही, बँकेत खाते आहे किंवा नाही, येथे तिसरी अवस्था संभवत नाही. २०११ च्या जनगणनेत घरयादीच्या टप्प्यावर सायकल, दुचाकी यांसारख्या वस्तू कुटुंबाकडे आहेत का, हे याच पद्धतीने नोंदविले गेले. पण त्याच अनुसूचीत संगणकाविषयी इंटरनेटसह, इंटरनेटशिवाय आणि नाही असे तीन पर्याय होते. दूरध्वनीविषयी केवळ स्थिर दूरध्वनी, केवळ मोबाइल, दोन्ही आणि काहीच नाही असे चार. ‘आहे’ या एका शब्दात परस्परभिन्न परिस्थिती दडलेल्या असतात, हे जनगणनेच्या रचनाकारांनी ओळखले होते.

२०२० मध्ये टाळेबंदीमुळे अध्यापन ऑनलाइन झाले, तेव्हा ‘आपल्याकडे स्मार्टफोन आहे का?’ हा प्रश्न ठिकठिकाणी विचारला गेला. ज्या घरात एकच फोन आहे, तो वडील कामावर जाताना घेऊन जातात आणि रात्री दोन भावंडे तो वाटून वापरतात, त्या घरातील विद्यार्थिनीने ‘होय’ म्हणावे की ‘नाही’? तिने दिलेले ‘होय’ खोटे नाही. मात्र त्यावरून सकाळी अकराच्या तासाला ती हजर राहू शकेल असा अर्थ काढणे चूक आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (जुलै २०१७ ते जून २०१८) देशातील २३.८ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण १४.९ टक्के होते. शिवाय ज्याच्यापर्यंत इंटरनेट पोहोचलेलेच नाही, त्याला ‘नाही’ म्हणण्याचीही संधी ऑनलाइन प्रश्नावली देत नाही. साधनाच्या उपलब्धतेविषयीचा प्रश्न त्याच साधनावरून विचारला जातो, तेव्हा ‘होय’चे प्रमाण जास्त येणारच.

संमतीकडे झुकणारे उत्तर :

मते व दृष्टिकोन जाणून घेताना अडचण अधिक गंभीर होते. आशय कोणताही असो, विधानाला मान्यता देण्याकडे अनेक उत्तरदात्यांचा कल असतो. ली क्रॉनबाख यांनी १९४० च्या दशकात ‘खरे-खोटे’ स्वरूपाच्या चाचण्यांच्या संदर्भात या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. हॉवर्ड शुमन व स्टॅन्ली प्रेसर यांच्या १९८१ च्या ग्रंथातील अमेरिकी प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. गुन्हेगारीला सामाजिक परिस्थितीपेक्षा व्यक्ती अधिक जबाबदार आहे, हे विधान एका गटापुढे ठेवले असता सुमारे ६० टक्के उत्तरदाते सहमत झाले. दुसऱ्या गटापुढे याच्या नेमके उलट विधान ठेवले, तर त्यालाही सुमारे ५७ टक्के लोकांनी सहमती दिली. केवळ एक विधान वापरणाऱ्या संशोधकाला यांपैकी कोणताही निष्कर्ष ‘बहुमताचा’ म्हणून छापता आला असता.

शब्दयोजनेचा परिणामही असाच लक्षणीय असतो. डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असे विचारल्यावर ६२ टक्के लोकांनी नकार दिला. ‘बंदी घालावी का’ असे विचारल्यावर ४६ टक्केच लोकांनी होकार दिला. तर्काच्या दृष्टीने परवानगी न देणे आणि बंदी घालणे एकच. उत्तरदात्यांच्या लेखी मात्र ते एक नव्हते.

आपल्या महाविद्यालयांत या प्रवृत्तीला गुरु-शिष्य संबंधाचीही जोड मिळते. वर्गशिक्षकाने पाठविलेल्या आणि ई-मेल पत्ता नोंदवून घेणाऱ्या अर्जात ‘अध्यापन समाधानकारक आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याचे धाडस किती विद्यार्थी करतील, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. यावर साधा उपाय असा की, दोन्ही बाजू प्रश्नातच मांडाव्यात. ‘प्रात्यक्षिकांची वेळ सकाळी ठेवावी का?’ याऐवजी ‘प्रात्यक्षिके सकाळी सोयीची वाटतात की दुपारी?’ असे विचारल्यास पर्याय दोनच राहतात, पण निव्वळ होकार देण्याचा मार्ग बंद होतो.

मराठी वाक्यरचनेतील अडचणी :

संशोधनपद्धतीवरील बहुतांश ग्रंथ इंग्रजी प्रश्नांचा विचार करतात. त्यामुळे मराठी प्रश्नावलीच्या खास अडचणींकडे दुर्लक्ष होते. त्यांपैकी सर्वांत मोठी अडचण नकारार्थी प्रश्नाची आहे. ‘ग्रंथालयात बसायला जागा मिळत नाही का?’ या प्रश्नाला एक विद्यार्थी ‘होय’ म्हणेल ते ‘होय, मिळत नाही’ या अर्थाने. दुसरा ‘नाही’ म्हणेल तेही ‘नाही, मिळत नाही’ याच अर्थाने. आणि तिसऱ्याचे ‘नाही’ ‘तसे नाही, जागा मिळते’ असे असेल. समोरासमोरच्या संभाषणात आवाजाचा हेल व पुढचे क्रियापद संदिग्धता दूर करतात. पडद्यावरील गोल बटणाला हेल नसतो. असा प्रश्न एकदा गेल्यावर त्याची उत्तरे कोणत्याही सांख्यिकीय पद्धतीने दुरुस्त करता येत नाहीत.

मराठी माणूस बोलताना पुष्कळदा ‘होय’ म्हणतच नाही. तो क्रियापदाची पुनरुक्ती करतो. ‘येता का?’ याचे सहज उत्तर ‘येतो’ असे असते. भाषेच्या या स्वभावाचा उपयोग करून पर्याय ‘होय / नाही’ असे न देता ‘मिळते / मिळत नाही’, ‘वापरतो / वापरत नाही’ असे दिल्यास निम्मा गोंधळ टळतो. प्रश्नाच्या शेवटचा ‘ना’ आणि मधला ‘तरी’ यांवरही नजर हवी. ‘सूचना वेळेवर मिळतात ना?’ हा प्रश्न होकाराची अपेक्षा ठेवूनच विचारलेला आहे. ‘प्राध्यापक वेळेवर येतात व अभ्यासक्रम पूर्ण करतात का?’ यासारखे जोडप्रश्न तर कोणत्याही भाषेत सदोषच. एक गोष्ट होते आणि दुसरी होत नाही, अशा विद्यार्थ्याला तेथे उत्तर उरत नाही.

ऑनलाइन माध्यमाची भर :

कागदावर उत्तरदाता प्रश्न कोरा सोडू शकत असे, किंवा समासात दोन शब्द लिहीत असे. ऑनलाइन अर्जात प्रश्न अनिवार्य केला की ही वाट बंद होते. मग ज्याला माहिती नाही किंवा ज्याला तो प्रश्न लागूच नाही, तो पुढे जाण्यासाठी काहीतरी निवडतो आणि ते उत्तर विचारपूर्वक दिलेल्या उत्तरांत बेमालूम मिसळते. अनिवार्यता ठेवायचीच असेल, तर ‘माहीत नाही’ आणि ‘लागू नाही’ हे पर्याय स्वतंत्रपणे द्यावेत. दोहोंचा अर्थ वेगळा आहे.

मात्र एका बाबतीत होय-नाही रचना उजवी ठरते. ‘पुढीलपैकी लागू असतील त्या सर्वांवर खूण करा’ अशी यादी देण्यापेक्षा यादीतील प्रत्येक बाबीपुढे ‘होय’ व ‘नाही’ दिल्यास उत्तरदाते अधिक बाबींना होकार देतात आणि अधिक वेळ विचार करतात, असे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील जोलीन स्मिथ, डॉन डिलमन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले. यादीत कोरी राहिलेली चौकट नकाराची की दुर्लक्षाची, हे कळत नाही. शिष्यवृत्ती, बसपास, ग्रंथपेढी यांसारख्या योजनांचा लाभ विचारताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

गाळणी-प्रश्नांविषयी सावधगिरी हवी. ‘होय’ म्हटल्यास पाच उपप्रश्न आणि ‘नाही’ म्हटल्यास थेट पुढचा विभाग, ही युक्ती उत्तरदात्याच्या लवकरच ध्यानात येते. फ्राउके क्रॉयटर व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रत्येक गाळणी-प्रश्नानंतर लगेच उपप्रश्न आल्यास होकार कमी होतात, असे आढळले. सर्व गाळणी-प्रश्न आधी एकत्र विचारून घ्यावेत आणि उपप्रश्न नंतर यावेत, हे बरे.

माहितीची हानी :

‘अभ्यासक्रम पूर्ण झाला का?’ या प्रश्नात ९५ टक्के आणि ४० टक्के शिकविलेला अभ्यासक्रम एकाच ‘नाही’त जमा होतो. नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यातील विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात हाच मुद्दा ८५ ते १००, ७० ते ८४, ५५ ते ६९, ३० ते ५४ आणि ३० टक्क्यांहून कमी अशा पाच पायऱ्यांत विचारला होता. त्यातून सुधारणेची दिशा तरी कळते. जेकब कोहेन यांनी १९८३ मध्ये दाखविल्याप्रमाणे, प्रसामान्य वितरण असलेल्या सलग चलाचे मध्यावर दोन भाग केल्यास सहसंबंध मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येतो. ‘होय’ व ‘नाही’ यांना १ आणि ० असे अंक देऊन काढलेली सरासरी म्हणजे केवळ प्रमाण होय, हेही काही प्रबंधांत विसरले जाते.

संवेदनशील विषय :

रॅगिंग, परीक्षेतील गैरप्रकार, घरातील हिंसा यांविषयी थेट शीर्षकवजा प्रश्न विचारल्यास नकारच हाती येतो. कारण कृत्याला ते नाव द्यावे की नाही, हे उत्तरदात्याने ठरविलेले नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वैवाहिक हिंसेविषयी विचारताना ढकलणे, हात पिरगाळणे किंवा केस ओढणे, थप्पड मारणे अशी कृत्ये एकेक करून विचारली जातात. तीही कुटुंबातील एकाच स्त्रीला, एकांतात. येथे होय-नाही प्रश्न अत्यंत प्रभावी ठरतो, कारण प्रत्येक प्रश्न एका निश्चित कृतीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत रॅगिंगमध्ये मोडणाऱ्या वर्तनाचे प्रकार दिलेले आहेत. त्यांवरून अशी प्रश्नमाला सहज रचता येईल.

स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या यादृच्छिक प्रतिसाद तंत्राचा पुढील एक प्रकार असा : विद्यार्थ्याने घरीच नाणे उडवावे, छाप पडल्यास ‘होय’ निवडावे, काटा पडल्यास खरे उत्तर द्यावे. शंभरांपैकी ६० जणांनी ‘होय’ म्हटले, तर अंदाजे ५० होकार नाण्याचे. उरलेल्या ५० जणांत १० म्हणजे २० टक्के प्रमाण निघते. कोणा एकाचे ‘होय’ त्याच्यावर शेकत नाही. परंतु शंभर उत्तरांवर या अंदाजाची त्रुटीमर्यादा, नमुना यादृच्छिक आहे असे मानले तरी, सुमारे १९ टक्क्यांची येते. ती १० टक्क्यांच्या आत आणायला चारशे उत्तरे लागतात. व्हॉट्सअ‍ॅप गटावर स्वेच्छेने आलेल्या उत्तरांना तर ही मर्यादाही लावता येत नाही. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या विभागाने त्यामुळे नाण्याच्या नादी न लागता कृतीनिहाय प्रश्न विचारावेत, ई-मेल पत्ता नोंदविण्याची सोय बंद ठेवावी आणि अर्ज त्या वर्गाला न शिकविणाऱ्या व्यक्तीमार्फत पाठवावा.