नायगाऱ्याच्या पायवाटा

नायगाऱ्याला जाणारी आपली मंडळी धबधबा बघतात, फोटो काढतात आणि निघतात. मी मात्र गोट आयलंडच्या झाडीतल्या पायवाटा मनसोक्त तुडवल्या. थ्री सिस्टर्स बेटांच्या पुलांवर तर कड्याकडे धावणारं पाणी अगदी पायाखालून खळाळतं. बोटीला तिकीट आहे, गाडी लावायला पैसे पडतात. पण उद्यानात पायी शिरायला छदामही लागत नाही. पूर्वी इथली जमीन खासगी होती. कुंपणाच्या भोकातून धबधबा पाहायलाही पैसे मोजावे लागत. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चळवळ केली, तेव्हा कुठे १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ही जागा ताब्यात घेऊन सर्वांना खुली केली. आपल्याकडच्या डोंगरांना, किनाऱ्यांना कुंपणं पडताना दिसली, की हे साल मला हटकून आठवतं.