संग्राह्य पत्त्यांचे अर्थकारण (लेखांक ४) : नको असलेल्या पत्त्यांचा बाजार

गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली अमेरिकेत विक्रीस आला. खेळाडूजवळ नको असलेले पत्ते साचत जाणे हे त्याच्या रचनेतच अनुस्यूत आहे. अनेक वर्षे प्रचलित असलेल्या बूस्टर पाकिटात, म्हणजे आत कोणते पत्ते आहेत हे न कळता विकत घ्यावयाच्या बंद पाकिटात, १५ पत्ते असत आणि त्यांपैकी बहुधा एकच दुर्मीळ वर्गातला असे. उलट खेळावयाचा डेक किमान ६० पत्त्यांचा असून त्यात एकाच पत्त्याच्या चार प्रतींपर्यंत ठेवता येतात. खेळाडूला मोजक्या पत्त्यांच्या चार-चार प्रती हव्या असतात, तर पाकिटांतून त्याच्या हाती अनेक पत्त्यांची एकेक प्रत पडते, आणि उरलेल्या पत्त्यांचे काय करावे हा प्रश्न पहिल्या पाकिटापासूनच उभा राहतो.

यावरचा सर्वांत जुना उपाय अदलाबदलीचा. परंतु एकाला नको असलेला पत्ता दुसऱ्याला हवा असणे आणि त्या दुसऱ्याजवळचा पत्ता पहिल्याला हवा असणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. ही अडचण दूर करण्यासाठी ‘पुकाट्रेड’ या संकेतस्थळाने गुणांची पद्धत आणली : कोणालाही पत्ता पाठवावा, त्याबद्दल गुण मिळवावेत आणि ते खर्चून तिसऱ्याकडून हवा तो पत्ता मागवावा. एक गुण म्हणजे एक सेंट, असे मानले गेले होते. मात्र गुण साठू लागले, मागणीतले पत्ते ठरलेल्या गुणांत पाठविण्यास कोणी तयार होईना आणि सदस्य वरकड गुण देऊ करू लागले. चलन फार आणि माल थोडा झाला की जी महागाई देशांत दिसते, तीच येथे पत्त्यांच्या छोट्याशा जगात अवतरली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावे असे हे उदाहरण आहे.

रोख पैशांचा बाजार अधिक टिकाऊ ठरला. युरोपात बर्लिनचे ‘कार्डमार्केट’ आणि अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूसचे ‘टीसीजीप्लेअर’ ही त्यातील प्रमुख नावे असून दुसरे २०२२ साली ‘ईबे’ने विकत घेतले. येथे प्रत्येक पत्त्याच्या प्रत्येक आवृत्तीसाठी एक पान असते आणि सर्व विक्रेते आपापली किंमत त्याच पानावर मांडतात. बहुतेक वेळा विक्रेता आपल्या प्रतीचे छायाचित्र देत नाही. तो फक्त तिची अवस्था सांगतो, आणि सारा व्यवहार त्या एका शब्दावर उभा असतो. टीसीजीप्लेअरवर अशा पाच पायऱ्या आहेत : जवळजवळ नव्यासारखा तो ‘निअर मिंट’, आणि मग हाताळणीच्या खुणा वाढत जातील तसे ‘लाइटली प्लेड’, ‘मॉडरेटली प्लेड’, ‘हेव्हिली प्लेड’ व ‘डॅमेज्ड’. या पत्त्यांची पाठ गडद रंगाची असल्याने झिजलेल्या कडांवरची पांढुरकी रेघ तेथे चटकन दिसते. म्हणून पत्ता पाठीकडून, आणि चरे दिसावेत यासाठी उजेडात तिरपा धरून, तपासणे आवश्यक असते. शंका असल्यास एक पायरी खालची अवस्था लिहिणे हेच विक्रेत्याच्या हिताचे, कारण परत आलेला पत्ता आणि खालावलेला शेरा यांची भरपाई त्या थोड्या जादा किमतीतून होत नाही.

पानावरची किंमत आणि विक्रेत्याच्या हाती पडणारी रक्कम यांत मात्र बरेच अंतर असते. संकेतस्थळाचे कमिशन, पैसे वळते करण्याचा आकार, टपाल, पत्त्यावर चढवायचे मऊ आवरण आणि त्याबाहेरचे ‘टॉपलोडर’ नावाचे कडक पाकीट, हे सारे वजा जाता काही सेंटांच्या पत्त्यावर काहीच उरत नाही. त्यामुळे असे सामान्य पत्ते ‘बल्क’ म्हणून, म्हणजे हजाराच्या हिशेबाने ठोक भावात, दुकानदारास देणेच योग्य. मधल्या किमतीच्या पत्त्यांसाठी दुकानांची खरेदी-यादी असते. तिच्यात बाजारभावापेक्षा कमी दर मिळतो, पण सर्व पत्ते एकाच पुडक्यात पाठवून मोकळे होता येते. सुटा पत्ता स्वतः विकण्याचे कष्ट फक्त चढ्या किमतीच्या पत्त्यांनाच परवडतात.