लहरी जनतेच्या, वार्ता मात्र वर्ज्य!

आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तरीही स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले. २००८ मध्ये झहीराबाद परिसरातील दलित स्त्रियांचा ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. माणदेशात म्हसवडलाही अशी वाहिनी उभी राहिली. शंभर वॅटांच्या या चिमुकल्या केंद्रांवरून लोकगीते, शेतीचा सल्ला, लसीकरणाची माहिती गावच्याच बोलीत घरोघर पोहोचते, हे निःसंशय स्वागतार्ह आहे.

परंतु स्वतः मिळविलेली वार्ता प्रसारित करण्यास या केंद्रांना आजही बंदी आहे. आकाशवाणीचे वार्तापत्र तेवढे जसेच्या तसे ऐकवावे! हिवताप कसा टाळावा, हे सांगता येते. आरोग्य केंद्रात औषध का नाही, याची बातमी मात्र देता येत नाही. अफवांचे भय अगदीच अनाठायी नाही. पण तेच वृत्त दैनिकाने छापले तर चालते. मग ज्याला अक्षरओळख नाही त्यानेच ते ऐकू नये, हा कोठला न्याय? चुकीच्या वृत्ताबद्दल शासनाने केंद्राला अवश्य जाब विचारावा. सरसकट मौन लादू नये.