कुरळे केस, तेल आणि जट



मुलगी शाळेला निघाली की आई तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालते, ही आपल्या घरोघरची रीत. पण सगळ्यांचे केस एका जातीचे नसतात. कुरळ्या, दाट केसांना तेल अधिक लागते आणि ते लावण्याची तऱ्हाही निराळी. मुरुम-उमरग्याकडच्या आपल्या सीमाभागात या साध्या गोष्टीवर कधीकधी एखाद्या मुलीचे भवितव्य अवलंबून असते. ते कसे, हे आज पाहू.

केसावर घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. डोक्याच्या कातडीतून जी स्निग्धता पाझरते, ती सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसाच्या वळणांत मात्र ती अडते. टोके कोरडी पडतात, पापुद्रे उचलले जातात आणि केसात केस अडकतो. तेलाने केस केसावरून घसरतो व गुंता होत नाही.

आता तेल कोणते? मुंबईच्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. केसातील प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी झाली. इतर दोन्हींनी झाली नाही. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. खनिज तेल नुसते वरच राहते. तेव्हा सुवासिक बाटली घेताना तिच्यावर काय लिहिले आहे, तेवढे वाचावे. नुसता गुंता सोडवायला घरचे करडईचे तेलही चालते.

न्हाण्याच्या आदल्या रात्री केसांचे चार भाग करावेत. तेल केवळ टाळूवर न थापता टोकांपर्यंत चोळावे. गुंता आधी बोटांनी सोडवावा. मग मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून सुरू करून हळूहळू वर न्यावा. बारीक फणी उवांसाठी राखावी. न्हाल्यावर केस ओलसर असतानाच दोन थेंब तेल लावून वेणी घालावी.

हे राहून गेले, की गुंता घट्ट होत जातो आणि त्याची जट बनते. मग कुणी म्हणते, देवी अंगावर आली! कंगवा बंद, कात्री तर नाहीच. उवा होतात, मान दुखते, शाळा सुटते. आणि यल्लम्माच्या नावाने मुलीला सोडण्याची भाषा सुरू होते. मुलगी देवाला वाहणे हा महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जट काही आपल्याच मुलखात होते असे नाही. पोलंडमध्येही ती होत असे, आणि ती कापली तर माणूस आंधळा होतो, असे तिथेही मानीत. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्हचे डॉक्टर युझेफ दीत्ल यांनी या समजुतीविरुद्ध मोहीम चालवली. जटा कापल्या गेल्या. कुणी आंधळे झाले नाही.

गुरुजींनो, बाईंनो, वर्गातल्या मुलीच्या केसात गाठ दिसली तर तिला सर्वांदेखत बोलू नका, बळाने कापूही नका. तिच्या आईला भेटा. गाठ नवी असेल तर तेल आणि चार दिवसांचा धीर पुरतो. जुनी, कडक झालेली जट मात्र घरच्यांची समजूत घालून कापावीच लागते. केस पुन्हा वाढतात. शाळेची गेलेली वर्षे परत येत नाहीत.